इन्स्पेक्टर खोत काय म्हणाले

अन्वरभाई, तुम्ही चुकलात. गेलात म्हणून बरोबर ठरणार नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे, आणि तुमच्या घरी येणारा प्रत्येकजण सध्या ती पाळतोय. किती दिलदार होते, अडीनडीला कसे धावून यायचे. सगळं खरं आहे. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि मला अर्धी कामं सहन होत नाहीत, हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. रविवारी घरी येतो म्हणालात. आईंशी मीच बोलतो म्हणालात. आणि शुक्रवारी सकाळी गोडाउनमध्ये, इंजिनांच्या ढिगाशेजारी जरा खाली बसलात, ते उठलाच नाहीत. हे काय वागणं झालं?

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात मी पोटासाठी काय करते ते तुम्ही सगळ्यांना हसत हसत सांगायचात: "ताईंचं काम म्हणजे दुसऱ्याचं खोटं पकडायचं." कंप्लायन्स या शब्दाचं इतकं सोपं मराठी कोणी केलं नसेल. कंपनीच्या रिपोर्टातलं एकही वाक्य पुराव्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. हल्ली मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचते, उठते, कॉफी घेते, न पिता टाकून देते. संध्याकाळी शारजाकडे परतताना ट्रॅफिकमध्ये अडकले की तुमच्याशी मोठ्यानं भांडते. परवा शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून "सब ठीक है मॅडम?" असं विचारत होता. मी त्याच्यावरही डाफरले.

तुमचं हे जपानी डिटेक्टिव्ह सिनेमाचं वेड कुठून आलं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. रत्नागिरीकडचा माणूस, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जपानी गाड्यांचे जुने पार्ट विकणारा. कंटेनरमधून गाड्या यायच्या, काही अख्ख्या, काही मधोमध कापलेल्या. तुम्ही इंजिनं काढायचात, दारं काढायचात, दिवे काढायचात. आणि सीटखाली, दारांच्या खिशात मूळ मालकाचं काहीबाही सापडायचं. मोडकी छत्री, देवळातला ताईत, आणि खिशात मावतील अशी छोटी पुस्तकं. बाकीचे दुकानदार ती कचऱ्यात टाकायचे. तुम्ही तरुणपणी गाड्या खरेदी करायला नागोयाला राहिला होतात, भाषा आली होती, म्हणून उघडून बघितलीत. निम्मी डिटेक्टिव्ह कादंबऱ्या निघाल्या. कुठेतरी मध्येच पान दुमडलेलं असायचं. "खुनी कोण ते न कळताच गाडी विकली बिचाऱ्यानं," असं म्हणून तुम्ही त्याच्या वतीनं ते पुस्तक पुरं करायचात. मग त्यावर सिनेमा निघालाय का ते शोधायचात, आणि निघालेला असला की कुठून कुठून मिळवायचात.

भाभी म्हणायच्या, रोज जेवताना एक खून ऐकावा लागतो, आता हे दुसऱ्या कोणाला तरी सांगा. म्हणून शनिवार दुपारचे खेळ सुरू झाले. गोडाउनच्या माळ्यावर, पांढऱ्या भिंतीवर. बसायला गाड्यांच्याच सीटा, फळ्यांवर ठोकून रांगेत लावलेल्या. थंडीत मुलांकडे राहायला आलेले आईवडील, तुमच्या गावाकडच्या बायका, आम्ही तीन-चार नोकरदार. खाली इंग्रजी ओळी यायच्या, पण त्या म्हाताऱ्यांना कुठून वाचता येणार? म्हणून तुम्ही भिंतीच्या कडेला रिमोट घेऊन उभे राहायचात आणि सगळ्यांचं सगळं बोलणं मराठीत बोलायचात. बाईचं, बापयाचं, पोराचं, मढ्याशेजारी रडणाऱ्या सुनेचं. मूकपटांच्या काळात जपानात अशी माणसं असायची, पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारी, आणि लोक सिनेमापेक्षा त्यांनाच ऐकायला जायचे, असं तुम्ही मला सांगितलंत. माझा विश्वास बसला नाही. घरी जाऊन तपासलं. खरं निघालं, आणि मला उगाचच राग आला.

नावांवरून तर आपलं पहिलंच भांडण झालं. एकाच लेखकाच्या कादंबऱ्यांमधला तो फौजदार, त्याचं तुम्ही चक्क इन्स्पेक्टर खोत करून टाकलंत. मी म्हटलं, जपानात खोत? तुम्ही म्हणालात, "ताई, त्याचं खरं नाव माझ्या चाचीच्या तोंडात बसेना. खोत बसतं." प्रत्येक सिनेमात नट वेगळा असायचा, पण तुमच्याकडे खोत एकच. एकदा जाडा नट आला तेव्हा माझी आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "खोत सुटले की हो." तुम्ही लगेच खोतांच्या घोगऱ्या आवाजात उत्तर दिलंत, "बदली झाली आजी, नव्या गावचं पाणी मानवलं." सगळा माळा हसला.

त्यातूनच ती पद्धत पडली. शेवट जवळ आला की तुम्ही सिनेमा थांबवायचात आणि म्हणायचात, साहेबांना काही विचारायचं असेल तर विचारून घ्या. चाची हात वर करून विचारायच्या, "साहेब, तुमची बायको दिसत नाही कुठं?" आणि खोत सांगायचे, "माहेरी गेली. मी खुनामागं फिरतो, तिला कंटाळा येतो." सिनेमात असलं काही नसायचं. मी मागून ओरडायचे, हे यात नाहीये. तुम्ही म्हणायचात, "ताई, कंप्लायन्स घरी ठेवून येत जा."

पण खेळ संपल्यावर चहाच्या वेळी तुम्ही पुस्तक आणि सिनेमा शेजारीशेजारी मांडून दाखवायचात, तेव्हा मी गप्प ऐकायचे, हे कबूल करते. पुस्तकात फौजदार पानंच्या पानं विचार करतो. पडद्यावर विचार कसा दाखवणार? म्हणून सिनेमावाल्यानं त्याला चष्मा दिला. विचार करायचा झाला की तो चष्मा पुसतो. "पुस्तकात त्याला चष्माच नाही," तुम्ही सांगितलंत, आणि तुम्हाला त्याचं इतकं कौतुक वाटत होतं की आम्हा सगळ्यांना वाटायला लागलं. एका सिनेमात तर त्यांनी खुनीच बदलून टाकला होता. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही म्हणालात, "त्यानं पुस्तकावर प्रेम करून बदललंय, ते दिसतं." मी म्हटलं, आमच्या ऑडिटमध्ये प्रेमाचा कॉलम नसतो. तुम्ही चहा पीत बराच वेळ हसलात. तेव्हा मला काय माहीत की हेच पुढे माझ्या घरात येणार आहे.

आईबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. बाबा गेल्यावर तिला मी इकडे आणलं तेव्हा ती दिवसभर टीव्ही बंद ठेवून त्याच्यासमोर बसायची. बाहेर चल म्हटलं तर म्हणायची, इथे बाहेर काय आहे? तुम्ही तिला एका व्हॅनची पुढची सीट दिलीत, मागे झुकणारी, हात टेकायला दोन्ही बाजूंना आधार असलेली. "ही आईंची सीट, हिच्यावर कोणी बसायचं नाही," असं सगळ्यांना दरडावून सांगितलंत. भाभी तिच्यासाठी सांदणं वेगळ्या डब्यात आणायच्या, आमच्या घरचं मटण-मासळीचं काही लागलेलं नाही असं बजावून. बुधवारपासूनच आई शनिवारची साडी बाहेर काढून ठेवायची. मला एवढं जमलं नव्हतं. मुलगी असून नव्हतं जमलं.

प्रसादचं तुम्हाला मीच सांगितलं होतं. माझा धाकटा भाऊ. बाबांशी भांडून घर सोडून गेला, नंबर बदलला, मग तोही बंद झाला. पोलिसात तक्रार झाली, मित्रांकडे फोन झाले, नातेवाइकांनी कुठे कुठे पाहिल्याचं सांगितलं, ते सगळे दुसरेच निघाले. वर्षं गेली. बाबांना अग्नी माझ्या चुलतभावानं दिला. आई प्रसादचं नाव काढत नाही, पण आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटचं कुलूप तिनं बदलू दिलेलं नाही, कारण त्याच्याकडे जुनी किल्ली आहे. हे सगळं तुम्हाला माहीत होतं. म्हणूनच विचारते, तो छत्रीचा सिनेमा लावायचाच कशाला?

जपानी नावं लक्षात राहत नाहीत म्हणून आपण सगळ्या सिनेमांना आपापली नावं ठेवली होती. हा छत्रीचा. खोत एका हरवलेल्या माणसाला शोधायला छत्री घेऊन गावोगाव हिंडतात, हॉटेलवाल्यांना विचारतात, गाडीवानांना विचारतात. तुम्ही त्या हरवलेल्याचं नाव यशवंत ठेवलं होतंत. बर्फाच्या मुलखात त्याची म्हातारी आई एकटी राहते, आमसुलं वाळवावीत तशी कसलीशी फळं दोरीला टांगून वाळवते. शेवटी खोत डोंगर चढून तिच्याकडे येतात, छत्री बाहेर ठेवतात, समोर बसतात आणि बोलायला लागतात. मी मागच्या रांगेत होते. खाली इंग्रजीत ओळ आली, तुमचा मुलगा मरण पावला आहे. आणि त्याच क्षणी तुमचा आवाज आला, "आजी, यशवंत सुखरूप आहे. वरच्या मुलखात त्यानं घर केलंय. तुमच्यापुढं यायला लाजतोय. तुम्ही घरी असा. तो येईल."

इंग्रजी वाचणारे आम्ही सगळे सीटवर ताठ झालो. पडद्यावरची म्हातारी रडलीही नाही आणि हसलीही नाही. उठली आणि चहा ओतायला लागली. त्या चेहऱ्यावर काहीही बसलं असतं, ते तुमच्या पथ्यावर पडलं. पुढच्या सीटवर माझ्या आईनं पदरानं डोळे पुसले.

ती बायकांमध्ये बोलत उभी होती तेव्हा मी तुम्हाला जिन्यात गाठलं. आठवतंय ना? मी म्हटलं, हे काय केलंत तुम्ही. तुम्ही म्हणालात, "पुस्तकात खोत सांगतच नाहीत, ताई. घरापर्यंत जातात, म्हातारी चहा देते, तो पितात आणि उतरून निघून येतात. तिला सांगायचं हे सिनेमावाल्याच्या मनातलं. मी पुस्तकाला धरून राहिलो."

"मग गप्प राहायचं होतं."

"तोंड हलताना दिसतंय त्याचं. सगळी माझ्याकडं बघतायत. गप्प कसा राहू?"

"सुखरूप आहे, घरी असा, येईल, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

तुम्ही रिमोटचं झाकण काढलंत, परत बसवलंत. मग म्हणालात, "आई समोर बसल्या होत्या हो." मी म्हटलं, म्हणूनच. म्हणूनच खोटं बोलायचं नव्हतं. आणि खाली उतरून गाडीत जाऊन बसले. आईला न्यायला परत वर यावं लागलं, त्यामुळे रुसण्याचा सगळा रुबाब गेला.

पुढच्या आठवड्यात आईनं नाश्त्याच्या टेबलावर सांगितलं, माझं पुण्याचं तिकीट काढ. मला आधी कळेना. मग ती म्हणाली, "मी इथे बसलेय, तो तिकडे आला तर दार कोण उघडेल? खोतांनी सांगितलंय ना, घरी असा म्हणून." मी म्हटलं, आई, तो सिनेमा आहे. ती म्हणाली, "मला कळतं सिनेमा काय असतो ते." आणि टोस्टला लोणी लावत राहिली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिचे गुडघे असे, रात्री बाथरूमला जाताना भिंत धरून चालते. तिथे ती एकटी राहणार, दाराकडे कान लावून. मिलिंद, माझा नवरा, म्हणाला काही दिवसांनी विसरेल. माझी मुलगी म्हणाली, "लेट हर गो, मम्मा, इट्स हर हाउस." आई विसरली नाही. बॅग काढून तिनं ती पलंगावर उघडी ठेवली.

मी तुम्हाला फोन केला तेव्हा आवाज चढवून बोलले. म्हटलं, तुमच्या एका वाक्यानं माझी आई तिकडे एकटी मरणार आहे. मागे कोणीतरी पत्रा ठोकत होतं. मग तुम्ही म्हणालात, रविवारी येतो, मी बोलतो आईंशी, इन्शाल्ला. मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला.

काय बोलणार होतात? हे एकच मला हवंय. खोटं बोललो म्हणून सांगणार होतात? की आणखी एक गोष्ट रचणार होतात, खोतांना पुन्हा डोंगर चढायला लावून? भाभींना भेटायला गेले तेव्हा न राहवून विचारलं. त्या इद्दतीला बसल्या आहेत, नवरा गेल्यावर घराबाहेर न पडता काढायचे ते महिने, पांढरी ओढणी डोक्यावर, खोलीत बायकाच बायका. त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक? तुम्हाला घाबरले होते एवढं खरं. रात्री म्हणत होते, ताई बरोबर बोलते पण मला तसं बोलता आलं नसतं." आणि मग त्यांनी माझाच हात धरून मला गप्प केलं. त्यांचा माणूस गेला आणि रडत होते मी.

आईनं तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं की अन्वरभाऊंसाठी छत्रीचा सिनेमा पुन्हा लावायचा. "मग मी निघेन, पुण्याला," म्हणाली. भाभींना वाटलं, चांगलंच आहे. येता यायचं नाही त्यांना, पण लावा म्हणाल्या, गोडाउन पुढच्या महिन्यात दुसऱ्याला जातंय, त्या सीटांवर एकदा माणसं बसलेली असू देत. बोलणार कोण, असा प्रश्न आला. तुमच्या पुतण्यानं, सलीमनं, सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, इंग्रजी वाचून बोलायचंय, तुम्हालाच सगळं तोंडपाठ आहे, नेहमी मागून चुका काढायचात.

आता काय करायचं होतं मी? तुमचं वाक्य बोलले असते तर आई दुसऱ्या दिवशी बॅग भरून तयार. सिनेमातलं वाक्य बोलले तर तिच्या तोंडावर, चाळीस-पन्नास माणसांत, मुलगा मेला म्हणून सांगायचं. मिलिंद म्हणाला, शेवटी प्रोजेक्टर बंद पडला म्हणून सांग. म्हणजे आणखी एक खोटं. मी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात उभी राहून खोतांचं बोलणं घोकत होते. खरंच सांगायचं असं ठरवलं होतं. मी आयुष्यभर हेच करत आलेय, आणि या वेळी माझं स्वतःचं काम त्यात अडकलं होतं. आईला थांबवायचं होतं मला. त्यासाठी खरं वापरायला मला काहीच वाटत नव्हतं, हेही तुम्हाला सांगून टाकते.

गेल्या शनिवारी लावला. सगळे आले. तुमच्या गावच्या बायका, थंडी संपत आली तरी न परतलेले दोघं-तिघं आजोबा. सलीमनं एसी आधीपासून सुरू ठेवला होता. मी भिंतीच्या कडेला उभी राहिले, तुमच्या जागेवर, आणि पहिल्या पाच मिनिटांतच कळलं की हे किती अवघड आहे. एका बाईचं बोलून संपत नाही तोवर दुसऱ्याचं तोंड उघडतं. ओळ वाचावी तर चेहरा सुटतो, चेहरा बघावा तर ओळ जाते. चाची पुटपुटल्या, "खोतांचा आवाज बसलाय आज." लोक हसले, माझ्यावर नाही, मला धीर यावा म्हणून. तुम्ही हे दर शनिवारी हसत कसं करायचात? घामानं माझी पाठ भिजली होती.

खोत डोंगर चढले. छत्री बाहेर ठेवली. समोर बसले, चष्मा काढून पुसला. मी आईकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघून म्हटलं, "आजी, तुमचा यशवंत गेला. बर्फाच्या वाटेवर सोबतीच्या माणसानं पैशासाठी त्याला मारून टाकलं. बर्फ वितळल्यावर लोकांना सापडला."

माळ्यावर कोणीतरी "अगो बाई" म्हणालं. चाची म्हणाल्या, "पण अन्वर तर बोलला होता..." आणि तिथेच थांबल्या. आणि माझ्या आईनं हात वर केला.

सलीमला ती पद्धत ठाऊक होती, त्यानं सिनेमा थांबवला. भिंतीवर खोत अर्धवट उघड्या तोंडानं तसेच राहिले. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती त्यांच्याशीच बोलत होती. पदर सारखा करून म्हणाली, "साहेब, एक विचारायचं होतं. जाताना तो एकटा होता का हो?"

एकटाच होता, अन्वरभाई. पुढच्याच ओळीत ते येतं, रात्रभर तो एकटा पडून होता असं खोत स्वतः सांगतात. मला ते पाठ होतं. तोंडाशी आलं होतं. आणि मी आईकडे बघितलं. तुमच्या त्या व्हॅनच्या सीटवर ती पुढे सरकून बसली होती, शाळेत उत्तर ऐकायला बसतात तशी.

मी म्हटलं, "नव्हता, आजी. त्या वाटेनं एक लाकूडतोड्या जात होता. त्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडात पाणी घातलं."

"प्यायला?"

"प्यायला."

"बरं," आई म्हणाली. मग सलीमकडे वळून म्हणाली, "लाव रे पुढे." तो सिनेमा लावायला गेला तेव्हा मागच्या रांगेतले इंग्रजी वाचणारे ताठ बसलेले मला दिसले. पुढची ओळ खाली आली, मी ती बोललेच नाही. खोतांचं तोंड हलत राहिलं आणि मी तुमच्या जागेवर मुकाट उभी होते.

गाडीत बसल्यावर आईनं पट्टा लावला. गोडाउनच्या बाहेर एक ट्रक आडवा लागला होता, तो निघेपर्यंत थांबावं लागलं. आई म्हणाली, "तिकीट काढू नकोस." ट्रकवाला मागे-पुढे करत होता. ती म्हणाली, "पाणी मिळालं ना त्याला. मग झालं."

घरी येऊन तिनं बॅग मिटली आणि माझ्या हातात दिली, कपाटावर ठेवायला. दुसऱ्या दिवशी चुलतभावाला फोन करून म्हणाली, कर्वेनगरचं कुलूप बदलून घे, जुनं झालंय. आवाज अगदी साधा होता तिचा. रविवार होता, तुम्ही येणार होतात तसलाच. दोन वेळा मी दाराकडे गेले.

मला पाहिजे होतं तेच झालं, अन्वरभाई. आई थांबली. खरं ऐकून थांबली असती तर आज मी तुमच्याशी ताठ मानेनं भांडले असते. पण ती त्या पाण्यावर थांबली, आणि ते पाणी मी घातलं. मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, बरं झालं की, सुटला प्रश्न. त्याला काय सांगणार? तुम्ही तिला मुलगा परत येईल असं सांगितलंत, तेव्हा मी तुम्हाला खोटारडे म्हटलं. आणि मी तर तो मेला म्हणून सांगितलं, वर कोणाच्या तरी मांडीवर मेला म्हणून सांगितलं. प्रसादचं खरं काय ते तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. कुठेतरी चांगला जेवूनखाऊन असेल. नसेलही. तुमच्या खोट्यात निदान त्याला यायला जागा होती.

म्हणून म्हणते, रविवारी यायला हवं होतंत. तुम्ही काय बोलणार होतात ते आता मला लागणार आहे. कुलूप बदललंय, आई शांत झोपते, आणि उद्या तो जुनी किल्ली घेऊन त्या दाराशी उभा राहिला, तर मी तिला काय सांगू?